सिंहाचं विलीनीकरण

मी ज्या फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे, तो क्लब मी त्याचा पाठीराखा होण्याच्या २३ वर्षं आधीच मोठ्या लीगमधून नाहीसा झाला होता. ही बातमी घरी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "तुम्ही शेअर्ससुद्धा असेच घेता," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

आधी माझी ओळख करून देतो. मी बी. कॉम., दुसरा वर्ग, बँकेत कारकून. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. स्वतःचे मोजायला वेळ लागत नाही. तेव्हा खेळाबद्दल बोलायचा तुम्हांला अधिकार काय, असं कुणी विचारील. काही नाही. शाळेत मी खो-खोत नेहमी बसलेला असायचो आणि खो मिळाल्यावरही बराच वेळ बसलेलाच असायचो. पण मला ज्या गोष्टीवर भांडायचं आहे ती मैदानावर घडलीच नाही. ती खतावणीत घडली. आणि खतावणी हा माझा प्रांत आहे.

झालं असं, की २०१९ च्या जूनमध्ये धाकट्या बहिणीनं मला मेलबर्नला बोलावून घेतलं. माझी रजा शिल्लक होती, सौभाग्यवतींची शाळा नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे एकटाच गेलो. बहीण राहते फूट्सक्रेला, शहराच्या पश्चिम बाजूला. जून-जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा आणि हिवाळा म्हणजे त्यांचा फुटबॉल. प्रेमानं त्याला 'फूटी' म्हणतात. भाच्यानं पहिल्याच रविवारी मला सामन्याला नेलं.

या खेळाचा जन्म मुळात क्रिकेटवाल्यांच्या ढेरीतून झाला. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तेव्हा त्यांच्यासाठी फुटबॉलचा एखादा क्लब काढा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. म्हणून मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल, मैदानाच्या वळणावर गेला असावा. एकेका बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातानं फेकायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीनं त्याला गुद्दा घालायचा. लांबून लाथाडलेला चेंडू अधांतरी झेलला की 'मार्क', आणि तो झेलण्यासाठी पुढच्या माणसाच्या खांद्यावर गुडघे रोवून चढायची मुभा. आपल्या दहीहंडीत निदान खालच्याला कल्पना तरी असते.

दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला तर ६ गुण. आणि नेम चुकून तो बाजूच्या खांबामधून गेला तर? तर १ गुण! चुकल्याबद्दल गुण देणारा हा खेळ पाहून मला भरून आलं. आमच्याकडे चुकलं की मेमो मिळतो. सेंट किल्डा नावाच्या क्लबानं तर १८९७ पासून मिळवलेलं एकुलतं एक अजिंक्यपद, १९६६ सालचं, अशाच एका हुकलेल्या नेमाच्या एका गुणावर मिळवलेलं आहे.

घरी आलो तर कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा उभे. वय ऐंशीच्या घरात. त्यांना मी मनातल्या मनात अण्णा म्हणायचो, कारण पेपर वाचताना ते आमच्या वाड्यातल्या अण्णांसारखेच संपादकाशी भांडायचे. माझं इंग्रजी 'काइंडली डू द नीडफुल'च्या पलीकडे फारसं जात नाही, तरी मी धीर करून विचारलं, "आपला क्लब कोणता?"

"फिट्झरॉय."

भाचा हळूच म्हणाला, "मामा, तो क्लब आता नाहीये लीगमध्ये."

अण्णांना मराठी येत नव्हतं, पण भाच्याचा चेहरा वाचता येत होता. ते म्हणाले, "क्लब आहे. लीगच आमच्यात नाहीये."

मग पुढचे चार आठवडे मला कुंपणावर फिट्झरॉयचं पुराण ऐकायला मिळालं.

फिट्झरॉय म्हणजे मेलबर्नच्या पोटातली जुनी कामकऱ्यांची वस्ती. आपलं गिरणगाव म्हणा ना. १८९७ साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या ८ क्लबांपैकी हा एक. पुढे त्यानं सिंह हे चिन्ह घेतलं. एकूण ८ अजिंक्यपदं. त्यातलं १९१६ चं तर ऐकण्यासारखं आहे. महायुद्धामुळे त्या वर्षी ४ च क्लब खेळले. फिट्झरॉय त्यात चौथा, म्हणजे शेवटचा आला. पण बाद फेरीला चारही क्लब घेतले होते. तिथे याच मंडळींनी आपले सगळे सामने जिंकले आणि एकाच वर्षी शेवटचा नंबर आणि पहिला नंबर दोन्ही पटकावले! असला निकाल आमच्या युनिव्हर्सिटीनंही कधी लावला नसेल.

पण १९४४ नंतर अजिंक्यपद नाही. १९६६ नंतर ब्रन्सविक स्ट्रीटचं घरचं मैदान सुटलं आणि तीस वर्षांत पाच बिऱ्हाडं झाली. शेवटी तर फूट्सक्रेच्याच मैदानावर पोटभाडेकरू. त्यात कर्ज. आणि कर्ज कुणाचं? नाउरू बेटाच्या विमा कंपनीचं! नकाशावर माशी बसली तर दिसेनासं होईल एवढं ते बेट. त्या कंपनीनं १९९६ साली क्लबावर प्रशासक आणून बसवला. त्यानं आणि लीगनं मिळून वर्षअखेरीला फिट्झरॉयचं ब्रिस्बेन बेअर्सशी लग्न लावून दिलं. ब्रिस्बेन रस्त्यानं दीड हजार किलोमीटरांहून लांब. तिकडच्या अस्वलांनी नाव टाकलं, इकडच्या सिंहानं गाव टाकलं आणि 'ब्रिस्बेन लायन्स' तयार झाले. गाणंसुद्धा फिट्झरॉयच्याच चालीवर. ती चाल मुळात फ्रान्सच्या राष्ट्रगीताची, म्हणजे उसनवारीवर उसनवारी.

मेलबर्नमधल्या शेवटच्या सामन्यात फिट्झरॉय १५१ गुणांनी हरला. अण्णा त्या दिवशी मैदानावर होते. याच्यापुढे ते काही बोलले नाहीत, खुरपं घेऊन गुलाबांकडे वळले.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, हळहळ वाटते खरी, पण हिशोब हा हिशोब आहे. बुडीत क्लब दुसऱ्यात विलीन केला, यात चूक काय? चूक सांगतो. हिशोब आम्हांलाही येतो.

मुद्दा पहिला. हिशोबच चुकलेला होता. बुडीत कोण, हे ठरवणाऱ्यांचा आजवरचा रेकॉर्ड पाहा. १९८९ साली लीगनं फूट्सक्रेही बुडीत ठरवला होता. त्याला फिट्झरॉयमध्ये मिसळून 'फिट्झरॉय बुलडॉग्ज' काढायचं ठरलंही होतं. पण फूट्सक्रेची माणसं डबे खुळखुळवत दारोदार फिरली. आयरीन चॅटफिल्ड नावाच्या एका साध्या समर्थक बाई लीगविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांत पंधरा लाख डॉलरच्या आसपास जमले आणि क्लब वाचला. त्याच क्लबानं, आता वेस्टर्न बुलडॉग्ज या नावानं, २०१६ साली अजिंक्यपद मिळवलं; ६२ वर्षांनी. त्या दिवशी प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजनं आपलं पदक दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या कप्तानाच्या, बॉब मर्फीच्या, गळ्यात घातलं. हे सांगताना माझा भाचा, जो एरवी माझ्याशी फक्त वायफायच्या पासवर्डपुरतं बोलतो, गहिवरला होता.

दुसरं उदाहरण. १९९६ सालीच मेलबर्न आणि हॉथॉर्न या दोन क्लबांचं 'मेलबर्न हॉक्स' करायचा घाट घातला होता. मेलबर्नच्या सभासदांनी होकार दिला. हॉथॉर्नच्या सभेत जुना कप्तान डॉन स्कॉट नियोजित जर्सी घेऊन उभा राहिला आणि तिच्यावरचा ससाणा त्यानं चर्रकन ओढून काढला. तो नुसता व्हेल्क्रोनं चिकटवलेला होता! खाली राहिली मेलबर्नची जर्सी. विलीनीकरणावरचं एवढं चांगलं व्याख्यान मी कॉमर्स कॉलेजात चार वर्षांत ऐकलं नाही (तीन वर्षांचा कोर्स मला चार लागली). सभासदांनी 'नाही' म्हटलं. त्या हॉथॉर्ननं पुढे २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी चार अजिंक्यपदं घेतली आणि मेलबर्ननं २०२१ साली एक. म्हणजे ज्या तीन खात्यांवर 'वसुली अशक्य' असा शेरा मारला होता, ती तिन्ही खाती पुढे व्याजासकट वसूल झाली. चौथं खातं तेवढं बंद करून टाकलं. तेही वसूल झालं नसतं कशावरून?

मुद्दा दुसरा. क्लबाची खरी मालमत्ता कोणती? मैदान भाड्याचं, खेळाडू कराराचे, चेंडू चामड्याचा. उरते ती माणसं, जी हरणाऱ्या संघासाठी दर शनिवारी पावसात भिजतात. ही मालमत्ता दुसऱ्या गावाला पाठवता येत नाही. ब्रिस्बेन लायन्सनी २००१ ते २००३ लागोपाठ तीन कप घेतले, आणि फिट्झरॉयची कित्येक माणसं त्यांत मनापासून नाचली; त्यांच्या आनंदावर मी कशाला पाणी ओतू? पण अण्णांसारखे कित्येक घरी बसले. २०२४ ची अंतिम लढत झाली ब्रिस्बेन आणि सिडनी यांच्यात. सिडनीचा क्लब म्हणजे १९८२ साली तिकडे हलवलेला साऊथ मेलबर्न. म्हणजे १८९७ सालचे मेलबर्नचे दोन शेजारी मेलबर्नच्याच मैदानावर भिडले, आणि दोघंही पाहुणे!

मुद्दा तिसरा लीगच्या बाजूचा आहे, तोही मांडतो. लीग म्हणते, एका शहरात एवढे क्लब कसे पोसायचे? खेळ देशभर न्यायला नको? शिवाय क्लबांनीही उधारीवर खेळाडू विकत घेऊन स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती. सगळं कबूल. पण देशभर न्यायचा तर नवी शाखा उघडा की! १९८७ साली पर्थला वेस्ट कोस्ट उघडला, १९९१ साली ॲडलेडचा क्लब आला, २०२३ साली टास्मानियाला परवाना दिला. तिथली माणसं तिथल्या क्लबासाठी भिजतात. याला कोण नाही म्हणतो? नव्या दुकानावर लावायला जुन्या देवळाचा कळस उतरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

हे सगळं मी तेव्हा ऐकलं, मान डोलावली आणि ऑगस्टमध्ये परत आलो. खरं समजलं ते नंतर. ३० ऑगस्ट २०१९ ला सरकारनं दहा बँकांच्या चार करायचं जाहीर केलं, आणि ज्या सहांची नावं जाणार होती त्यांत आमची बँक निघाली. अंमल १ एप्रिलपासून. तारीख मी निवडली नव्हती.

प्रामाणिकपणानं सांगतो, कुणाचा एक पैसा बुडाला नाही, आमचा पगारही वेळेवर झाला. बोर्ड बदलला, शिक्के बदलले, एवढंच. मग एक दिवस एक निवृत्त मास्तर काउंटरवर आले. मी त्यांच्या हातात नवं पासबुक ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि विचारलं, "यात माझ्या जुन्या नोंदी कुठं आहेत?"

"मास्तर, शिल्लक पुढे ओढली आहे ना. बरोबर आहे बघा."

"शिल्लक आहे हो. पण नोंदी?" पहिला पगार, मुलीच्या लग्नाला काढलेले पैसे, सगळं त्यांना त्या पुस्तकात हवं होतं.

मी काय बोलणार? आतून त्यांचं जुनं पासबुक शोधून आणलं आणि नव्याला रबर लावून जोडून दिलं. बँकेला एवढ्यानं भागतं. तिथे माणूस शिलकेसाठी येतो. क्लबाचं तसं नाही. क्लबात शिल्लक कधी नसतेच, नुसत्या नोंदी असतात. फिट्झरॉयची शिल्लक ब्रिस्बेनला गेली आणि नोंदी अण्णांकडे राहिल्या.

म्हणून शेवटी निघण्याआधीच्या शनिवारचं सांगतो. अण्णा मला ट्रॅमनं ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्या जुन्या मैदानावर घेऊन गेले. मोठी लीग गेली तरी फिट्झरॉय क्लब कागदोपत्री जिवंत होता. आमच्या भाषेत निष्क्रिय खातं. २००९ साली ते पुन्हा चालू झालं, हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत. तीच जर्सी, तोच सिंह, तेच मैदान. जुना स्टँड, काठाला लोक, लोकांबरोबर त्यांची कुत्री. एक बाई पावात सॉसेज घालून विकत होत्या. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी नुसता कांदा घातला आणि पैसे मात्र पुरते घेतले. क्लब बुडू द्यायचा नसेल तर असंच करायला हवं.

पाऊस आला. अण्णा छत्री न उघडता तीन तास अंपायरला शिव्या देत होते. सामना संपला. गुणांचं गणित मला अजून नीट जमत नव्हतं, म्हणून विचारलं, "काय झालं हो?"

"हरलो," अण्णा टोपी झटकत म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी महिन्याभरात पाहिला नव्हता. "पण आम्ही हरलो!"