रिमोट कुणाच्या हातात?



१९९५ साली महाराष्ट्रात युतीचे सरकार आले तेव्हा ‘रिमोट कंट्रोल’ हा शब्द घरोघरी पोहोचला. खुर्चीवर कोण आणि रिमोट कुणाच्या हातात, यावर इथे रायपुरातही आम्ही मराठी मंडळी चहाच्या टपरीवर तासन् तास वाद घालत असू. तोच प्रश्न आज मला एका यंत्राविषयी विचारायचा आहे. ते यंत्र लाकूड चिरणारे आहे आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूस आपल्यासारखाच कामगार आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत तिशीचा एक तरुण आला. त्याचा बाप आमच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात खलाशी होता, म्हणून पोरगा ओळखीचा. डाव्या हाताला बँडेज, दोन बोटे गेलेली. तो एका आरागिरणीत मिस्त्रीच्या हाताखाली काम करतो. मालकाने चाकांवरची नवी आरामशीन घेतली होती. ती ट्रॅक्टरमागे जोडून शेतावर न्यायची आणि झाड पडले असेल तिथेच चिरून द्यायचे. ओंडका जमिनीलगत घट्ट बांधलेला असतो आणि पट्टा-करवतीचे डोके दोन रुळांवरून त्याच्या अंगावरून पुढे सरकते. पूर्वी हे डोके माणूस हाताने ढकलीत असे. मालकाने त्याला बिनतारी रिमोट बसवून घेतला.

त्या दिवशी करवत बंद होती. पट्ट्यावर डिंक साचला होता, तो पोरगा खरवडत होता. रिमोट त्याच्याजवळ नव्हता, मिस्त्रीजवळही नव्हता. तो मालकाच्या मुलाच्या खिशात होता आणि तो मुलगा पलीकडे गिऱ्हाइकाशी भाव करीत बसला होता. बटण कसे दाबले गेले ते त्यालाही सांगता आले नाही. पट्टा फिरला आणि व्हायचे ते झाले.

हे ऐकून आमचे काही साथी लगेच म्हणाले, “रिमोटच नको. यंत्र आले की कामगार मेलाच.” मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हाताने डोके ढकलणारा माणूस दिवसभर पट्ट्याच्या शेजारी चालतो. भुसा नाकातोंडात जातो, कानाला दडे बसतात. पट्टा तुटला तर तो जवळच असतो. जुन्या झाडाच्या पोटात खिळा, तार, कधी कुंपणाचा आकडाही निघतो. त्यावर दात आदळले की काय होते, ते मिस्त्रीला विचारा. रिमोट असेल तर हाच माणूस दहा-पंधरा फूट मागे, बाजूला, पट्ट्याच्या रेषेबाहेर उभा राहू शकतो. हा फायदा खरा आहे, तो नाकारणे म्हणजे कामगारानेच कामगाराचे नुकसान करणे होय. दुसरी बाजूही आहे. हाताने ढकलणाऱ्याला गाठ आली की हातालाच कळते आणि तो वेग कमी करतो. रिमोटवाल्याला ते कानाने आणि डोळ्याने ओळखावे लागते. म्हणून रिमोट जुन्या मिस्त्रीच्याच हातात शोभतो. काल आलेल्या पोराच्या किंवा गल्ल्यावर बसलेल्याच्या हातात नव्हे.

आता दोष कुठे आहे ते पाहू. मी मॅट्रिक शिकलेला माणूस आहे, इंजिनिअर नाही. पण रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे दोन गोष्टी अंगात मुरल्या आहेत.

पहिली गोष्ट ब्रेकची. आपल्या गाडीत ब्रेक पाइपमध्ये हवेचा ५ किलोचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले राहतात. पाइप तुटला, डबा सुटला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, पळत नाही. वेस्टिंगहाउसने १८७२ साली हा आपोआप लागणारा ब्रेक काढला आणि तेव्हापासून आजवर किती जीव वाचले त्याला गणती नाही. रिमोटचेही असेच हवे. चांगल्या रिमोटमधून “मी आहे, मी आहे” असा संदेश सतत जात असतो. बॅटरी संपली, माणूस लांब गेला, मधे अडथळा आला आणि तो संदेश खुंटला, की यंत्र स्वतःहून बंद पडते. यंत्रांच्या बिनतारी नियंत्रणासाठी आयईसी ६२७४५ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ पासून अस्तित्वात आहे. संपर्क तुटल्यावर यंत्राने काय करावे, हा त्यातला मुख्य विषय आहे.

आमच्याकडे काय बसवतात? शेतातल्या पंपाचा स्वस्त रिमोट. एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. मधल्या वेळी त्याची बॅटरी संपली तर पंप चालूच राहतो. पंपाला ते चालते, फार तर शेतात पाणी जास्त होईल. करवतीला ते कसे चालेल? थांबवायची वेळ येते तेव्हा नेमके बटण लागत नाही, आणि पट्टा फिरतच राहतो.

दुसरी गोष्ट लाल झेंडीची. यार्डात कॅरेज-वॅगनचा माणूस गाडीखाली जाण्यापूर्वी दोन्ही टोकांना लाल झेंडी लावतो. ज्यांनी ती लावली त्यांचे काम संपून त्यांनीच ती काढेपर्यंत गाडी हलत नाही, मग साहेब कितीही ओरडो. करवतीवर हात घालणाऱ्याला अशी झेंडी कुठे आहे? रिमोटवरचे ‘बंद’ बटण म्हणजे झेंडी नव्हे, कारण ज्याने बंद केले तो किंवा दुसरा कुणी ते पुन्हा चालू करू शकतो. मुख्य स्विच पाडून त्याला कुलूप घालायचे. इंजिन असेल तर चावी काढायची. ती चावी ज्याचा हात पट्ट्यात आहे, त्याच्याच खिशात हवी. आमच्या पोराच्या खिशात ती असती, तर त्याची बोटे आज शाबूत असती.

आपले आणि आरागिरणीचे नाते जुने आहे, हेही विसरू नका. रायपूर-धमतरी छोटी लाइन १९०० साली सुरू झाली आणि तिने वर्षानुवर्षे जंगलातले लाकूड वाहिले. काँक्रीटचे स्लीपर येण्यापूर्वी आपली गाडी सरईच्या लाकडावरूनही धावत होती. ते लाकूड चिरणारे हात कुणाचे होते, याची नोंद कुठल्याही टाइमटेबलात नाही. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात आरागिरणी चालवणे थांबले. जंगल वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र गिरण्यांच्या परवान्यांची जेवढी बारकाईने तपासणी झाली, तेवढी गिरणीतल्या माणसाची कुणी केली नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात धोकादायक भागाला कुंपण घालण्याचे कलम होते आणि आणीबाणीत वीज तोडण्याचे साधन प्रत्येक कामाच्या खोलीत असावे असेही कलम होते. वीज वापरणाऱ्या जागी १० कामगार असले की तो कायदा लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता लागू झाली. तिच्यात कारखाना म्हणजे विजेसह २० कामगार. दहा किंवा अधिक माणसे असतील तर आस्थापना म्हणून काही कर्तव्ये मालकावर राहतात. दहाच्या आत आली, की सरकारने धोकादायक काम म्हणून वेगळी अधिसूचना काढली तरच संरक्षण. आता हिशेब मांडा. बारा माणसांच्या गिरणीत रिमोट आला, चार माणसे घरी गेली, आठ उरली. म्हणजे रिमोटने चौघांची रोजी घेतली आणि उरलेल्या आठांचा कायदाही घेतला!

बोटांची किंमतही कायद्याने ठरवून ठेवली आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरत, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, चारही गेली तर ५० टक्के. ईएसआय लागू नसेल, माणूस ३० वर्षांचा असेल आणि पगार महिना १२,००० असेल, तर पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला वयाचा गुणांक २०७.९८ आणि त्याचे २० टक्के. म्हणजे सुमारे ३ लाख रुपये. आमच्या पोराला मालकाने दवाखान्याचा खर्च दिला आणि वर वीस हजार हातावर ठेवले. पोराला तेही उपकारच वाटले, कारण हे कोष्टक त्याला कुणी दाखवलेच नव्हते. बंधूंनो, ते दाखवणे हे आपले काम आहे.

माणसे कमी होण्याच्या प्रश्नावरही रेल्वेकडे अनुभव आहे. वाफेच्या इंजिनावर चालक आणि दोन फायरमन असत. डिझेल आणि वीज आली, फावडे गेले. पण फायरमनला शिकवून सहायक करावे यासाठी संघटना उभ्या राहिल्या आणि पुष्कळांची घरे वाचली. दुसरे उदाहरण ताजे आहे. २२ जानेवारी २०२१ रोजी आपल्या रायपूर मंडळातून कोरब्याकडे ‘वासुकी’ ही साडेतीन किलोमीटर लांबीची मालगाडी गेली. पाच रेक, ३०० वाघिणी, आणि चालक, सहायक, गार्ड असा एकच संच. पुढच्या इंजिनातून मागची इंजिने बिनतारी संदेशाने हाताळण्याची यंत्रणाही आता रेल्वेत आली आहे. रेल्वेत अशा गोष्टीवर प्रश्न विचारायला निदान युनियन आहे. भनपुरीच्या आरागिरणीतल्या माणसाने कुणाला विचारायचे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. रिमोटला विरोध नको, पण अटी आपल्या हव्यात.

एक, संपर्क तुटताच करवत थांबेल असाच रिमोट बसवावा. पंपाचा रिमोट करवतीवर बंद.

दोन, एका यंत्राला एकच रिमोट, आणि तो प्रत्यक्ष काम करणाऱ्या मिस्त्रीच्याच हातात. मालक, त्याचा मुलगा, मुनीम यांच्या खिशात नाही.

तीन, पट्टा बदलताना किंवा साफ करताना मुख्य स्विचला कुलूप, आणि चावी काम करणाऱ्यापाशी.

चार, रिमोटमुळे मोकळ्या झालेल्या माणसाला ओंडके लावणे, पट्ट्याला धार काढणे, चिराण मोजणे अशा कामांवर घ्यावे. घरी पाठवू नये.

पाच, कामगारांची संख्या कितीही असली तरी आरागिरणी हे धोकादायक काम म्हणून सरकारने अधिसूचित करावे. चाकांवरची गिरणी त्यात आलीच पाहिजे.

पहिल्या चार अटींना सरकारचा एक पैसा लागत नाही. मालकालाही फारसा खर्च नाही, बोटांच्या भरपाईपेक्षा तर नक्कीच कमी. पाचवीसाठी रेटा लागेल, तो आपण लावू. आपल्या शाखांनी आपापल्या गावातल्या आरागिरणीत एकदा जाऊन यावे आणि एवढेच विचारावे : रिमोट कुणाच्या हातात आहे, आणि चावी कुणाच्या खिशात आहे? उत्तर ऐकले की पुढे काय करायचे ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

तो पोरगा आता पुन्हा त्याच गिरणीत जातो. भरपाईचा अर्ज आम्ही भरून दिला आहे. अर्जावर सही करताना त्याने डाव्या हाताने कागद दाबून धरायचा प्रयत्न केला, तो धरता आला नाही. मग मी धरला. युनियन याहून वेगळी काय असते?