अद्रक पिकवणाऱ्याला कुंडी का सांभाळता येईना?



या पानावर मी कपाशी, मका आणि अद्रकीचं लिहितो. आज कुंडीचं लिहितोय. "आता हा शोभेच्या झाडांवर बोलणार का?" म्हणून पुढे सरकू नका. विषय दिसतो तेवढा हलका नाही.

माझी लेक छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहते, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या पावसाळ्यात तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो आणि आम्ही दोघं दहा-बारा दिवस तिथंच राहिलो. शेतकऱ्याला फ्लॅटमध्ये रिकामं बसवत नाही. बैठकीच्या कोपऱ्यात झेडझेड प्लांट म्हणतात त्याची कुंडी होती, चकचकीत पानांची. म्हटलं पोरगी दिवसभर ड्युटीवर, झाडाकडं बघायला कोणी नाही, आपण बघू. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला लागलो.

गावी आलो. पंधरा दिवसांनी फोन आला, "बाबा, झाड मरायलंय."

डोळे दाखवायला परत गेलो तेव्हा झाड उपटून बघितलं. आत नर्सरीची प्लास्टिकची कुंडी, बाहेरून चिनी मातीची शोभेची. बाहेरच्या कुंडीला छिद्रच नाही. तळात चार बोटं पाणी. खालचे कंद दाबले तर बोट आत गेलं. आणि तो वास! अद्रकवाल्याला तो वास सांगावा लागत नाही. आपली कंदकूज.

लाज वाटली. मी अद्रक गादीवाफ्यावर लावतो. पाऊस लागून राहिला की खोरं घेऊन चर मोकळे करत फिरतो. दुसऱ्याला सांगतो की अद्रकीला पाणी हवं पण साचलेलं नको. आणि घरात आल्यावर मीच एका कंदवर्गीय झाडाला बिनछिद्राच्या भांड्यात बुडवून मारलं. हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरडा काळ काढायला कंदात पाणी साठवून ठेवणारं. त्याला उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी आणि थंडीत महिन्यातून एकदा पाणी पुरतं.

त्या दिवसापासून माझं एक मत झालंय. शेतात आपण आधी जमीन बघतो, पाणी बघतो, मग पीक ठरवतो. घरात उलटं करतो. आधी झाड आवडतं, मग त्याला जागा शोधतो. कुंड्या मरतात त्या बहुतेक इथंच.

आपल्या आज्जीचं तसं नव्हतं. तुळस अंगणात, कारण तिला ऊन लागतं. न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, एखादी केळ, कारण त्यांना ओल लागते. कोरफड कौलाच्या कडेला नाहीतर भिंतीवर, कारण तिला कोणी पाणी घातलं नाही तरी चालतं. जागा आधी, झाड नंतर. आता गावातही स्लॅबची घरं झाली, ओसरी गेली, अंगणात फरशी आली. तुळस टीव्हीच्या बाजूला ठेवतो आणि महिन्याभरात काड्या झाल्या की नर्सरीवाल्याला शिव्या देतो. तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन पाहिजे. ते नसेल तर घरात आणू नका, गच्चीवर ठेवा.

उजेडाचंच बघा. दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून लांब, बैठकीच्या कोपऱ्यात तो शे-दोनशेवर येतो. आपल्या डोळ्याला फरक कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. झाडाला कळतो. त्याचं अन्नच ते आहे. मीटर विकत घ्यायची गरज नाही. दुपारी बारा वाजता झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद धरा, वर वीतभर अंतरावर हात धरा. सावली ठसठशीत पडली तर उजेड चांगला. पुसट पडली तर स्नेक प्लांट, मनी प्लांट, झेडझेड चालेल. सावलीच पडली नाही तर तिथं देवाचा फोटो लावा, झाड ठेवू नका.

दिशा पण बघा. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये कुंडी ठेवली तर पान भाजतं. आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो, काच तापते, कुंडीतली मुळं उकडतात. उत्तरेच्या गॅलरीत ऊनच येत नाही म्हणतात, ते उन्हाळ्यात पूर्ण खरं नाही. आपल्या शहराच्या अक्षांशावर मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उत्तरेच्या अंगाला राहतो. त्या दोन महिन्यांत उत्तरेच्या गॅलरीतही सकाळ-संध्याकाळ ऊन शिरतं. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आत येतं. म्हणजे कुंडी हंगामाप्रमाणे हलवावी लागते. जनावर सावलीला बांधतो तसंच.

आता पाणी. शहराला पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून येतं, आणि नळाला रोज येत नाही हे तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. मग बोअरचं वापरतात. ते जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला आणि पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली की समजा क्षार साचले. आपल्या क्षारपड रानात होतं तेच, फक्त कुंडीत लवकर होतं, कारण जागा वीतभर. महिन्यातून एकदा तळाच्या छिद्रातून वाहून जाईल एवढं पाणी द्या, थाळीत आलेलं फेकून द्या. पावसाळ्यात कुंड्या सरळ पावसात ठेवा.

एक सल्ला सगळीकडं फिरतो, की आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडाला घाला. पाणी वाचवायचा हेतू चांगला. पण आरओ काय करतं? क्षार बाजूला काढतं आणि ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं. मूळ पाणी जड असेल तर ते त्याहून जड. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचं तेच, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. त्यानं फरशी पुसा, संडासात टाका. कुंडीत नको.

मातीच्या बाबतीत आपण शेतकरी हमखास चुकतो. आपली काळी माती सोन्यासारखी, म्हणून पोतंभर शहरात नेऊन देतो. रानात ती सोनं, कुंडीत दगड. ओली झाली की चिकट, वाळली की कडेनं सुटते, आणि मग घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली जातं, मूळ कोरडं राहतं. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक मुरूम, आणि मूठभर निंबोळी पेंड. झेडझेड आणि स्नेक प्लांटला वाळू थोडी जास्त. कच्चं शेण अजिबात नको. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा.

नर्सरीवाला म्हणतो, स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं. हे अर्धवट आहे. हे झाड रात्री पानाची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साईड साठवतं, म्हणजे दिवसा उन्हात पाणी कमी उडतं. आपलं ड्रॅगन फ्रूट आणि कोरफडही तेच करतात. पण ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. दुसरं सांगतात, नासानं सांगितलंय की झाडं हवा शुद्ध करतात. १९८९ चा तो अभ्यास बंद पेटीत झाला होता. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. नुसत्या हवेच्या येण्याजाण्यानं जेवढं साफ होतं, तेवढं झाडांकडून व्हायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तेवढ्यात आपण खोलीत मावणार नाही. झाड ठेवा, पण ते हिरवं दिसतं, मन लागतं म्हणून ठेवा. हवेसाठी खिडकी उघडा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

लेकीच्या गॅलरीत जास्वंद आहे. तिच्यावर पिठ्या ढेकूण आला. मी हुशार माणूस. गावाहून येताना शेतातलं प्रोफेनोफॉस थोडंसं काढून आणलं. कशात? थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. गॅलरीत ठेवली आणि हात धुवायला गेलो. नात पाच वर्षांची. बाटली हातात घेऊन आत आली आणि म्हणाली, "आबा, हे सरबत मी पिऊ?"

झाकण घट्ट होतं. लेकीनं झडप घालून बाटली काढून घेतली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपली माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. ती उघड्या रानात होती. तेच औषध आपण चार भिंतींच्या आत, जिथं पोरं रांगतात तिथं नेतो, तेही बिनलेबलच्या बाटलीत. पिकाचं औषध घरातल्या झाडासाठी नाही. पिठ्या ढेकूण दोन-चार फांद्यांवर असेल तर कापूस स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढा. जास्त असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग साबणाचं सौम्य पाणी. नाहीतर आपला पाच टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण टाका, संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. जास्वंद आजही आहे.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या आणि कृषी सहायक मित्रांना हात जोडून विनंती: कोणी "घरातल्या कुंडीला थोडं औषध द्या" म्हणून आला तर सुटं औषध देऊ नका. त्याला निंबोळी अर्क सांगा. दहा रुपयांचं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

घरात लहान लेकरू असेल तर आणखी एक. मनी प्लांट, झेडझेड, पीस लिली आणि ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया, ही सगळी आपल्या अळूच्या कुळातली. कच्चं अळू किंवा सुरण का खाजतं ते माहीत आहे ना? तेच सुईसारखे स्फटिक यांच्यात असतात. पान चावलं तर तोंड, जीभ, घसा सुजतो. ही झाडं हात पोचणार नाही अशी ठेवा. डिफेनबेकिया तर आणूच नका. आणि मनी प्लांट बाटलीत लावला असेल तर आठवड्याला पाणी बदला, बाटली आतून घासा, कुंडीखालची थाळी कोरडी करा. डेंगीचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

लेकीकडं आता तीनच कुंड्या आहेत. बैठकीत खिडकीजवळ स्नेक प्लांट, स्वयंपाकघराच्या वर मनी प्लांट, गॅलरीत जास्वंद. चिनी मातीची ती कुंडी मी गावी आणली, तिच्यात आता कांदे-लसूण ठेवतो. नात फोनवर विचारते, "आबा, आज पाणी घालू का?" मी म्हणतो, "आधी बोट घालून बघ." ती बघते आणि सांगते, "ओली आहे."

माझ्यापेक्षा लवकर शिकली.

तुमच्या घरात कोणती कुंडी कोणत्या दिशेला टिकली ते लिहा, मेलेली असेल तर ते आधी लिहा. आणि आज घरी गेल्यावर फवारणीची औषधं कुठं आणि कशात ठेवली आहेत, ते एकदा बघून घ्या.