असामान्यत्वाचा दाखला

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने ‘असामान्य गुणवत्ते’च्या परदेशी व्यक्तीस, नोकरीचे आमंत्रण नसतानाही, कायम वास्तव्यासाठी स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली. नोबेलसारखे पारितोषिक नसेल, तर दहांपैकी किमान तीन निकषांचे पुरावे जोडावे लागतात. त्यांत वृत्तपत्रांतील प्रसिद्धी आहे, भरघोस वेतनही आहे. रुग्णाच्या उशाशी जागून काढलेल्या रात्री मात्र नाहीत. त्या देशाने आपले निकष खुशाल ठरवावेत. तो त्याचा अधिकार आहे. पण तोच दाखला आपण घराघरांत माणसाच्या मोलाचे प्रमाणपत्र म्हणून का मिरवावा? ज्याला तो लाभला, त्याचे अभिनंदन अवश्य करावे. परंतु गावच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या त्याच्या बहिणीला सामान्य ठरविण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने आपणांस दिलेला नाही.