टक्का घसरला म्हणजे गुन्हा ठरतो का?



२०२४ च्या जुलै महिन्यात पूजा खेडकर प्रकरणाने महाराष्ट्र ढवळून निघाला. ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने त्यांना सेवेतून मुक्त केले. त्यांच्यावरील आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि प्रकरण न्यायालयात गेले आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. मला बोलायचे आहे ते त्या प्रकरणाने आपल्या बोलण्यात रुजवलेल्या एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘बोगस दिव्यांग’.

२०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. अनेक जिल्हा परिषदांमध्ये निलंबने झाली. अशा पडताळणीला माझा विरोध नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पैसे मोजून काढलेला प्रत्येक खोटा दाखला यातली एक जागा एखाद्या खऱ्या दिव्यांगाकडून हिरावून घेतो. दाखला विकणारा, मधला दलाल आणि तो विकत घेणारा, तिघांवरही कारवाई झाली पाहिजे.

पण चोर शोधायला निघालेली माणसे प्रत्येक घराचा दरवाजा लाथेने उघडू लागली, तर घरातल्या माणसांनी काय करायचे?

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, कल्याणला राहते आणि सरकारी नोकरीत आहे. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा पाय कमजोर आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. पोलिओ झालेल्या अनेकांना काही दशकांनंतर पुन्हा स्नायूंचा अशक्तपणा आणि थकवा जाणवू लागतो, तसा तिलाही चाळिशीत जाणवू लागला. सोबत मधुमेह आहेच. एखाद्या दिवशी ती जिना चढून जाते, तर एखाद्या दिवशी पलंगावरून उठायलाच अर्धा तास लागतो. तिचा दाखला हस्तलिखित आहे, लग्नाआधीच्या नावाचा. गेल्या वर्षी तिला नोटीस आली: ऑनलाइन नोंद आढळत नाही, मूळ प्रमाणपत्रासह हजर राहा, अन्यथा कारवाई.

त्या नोटिशीनंतर आपाचे वागणे बदलले. बऱ्या दिवशीही ती काठी घेऊन निघू लागली. काठीविना चालताना कुणी पाहिले तर काय म्हणेल, ही भीती. बाजारातून भाजीची पिशवी स्वतः उचलणे तिने बंद केले. कल्याणहून ठाण्याला येताना ती दिव्यांगांच्या डब्यात बसायची. तो डबा सोडून ती महिलांच्या डब्यात उभी राहू लागली. कुणी ‘तुम्हाला काय झालंय?’ असे विचारले तर उत्तर देण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिच्यावरचा कोणताही आरोप सिद्ध झालेला नाही, तरी आपला हक्क तिने आपणहून सोडून दिला. तिची पुनर्तपासणी झाली आहे. अहवाल अजून हाती आलेला नाही.

मी संगणक अभियंता आहे. दिवसभर ‘अमुक आकड्याच्या वर असेल तर हो, खाली असेल तर नाही’ अशा अटी लिहितो. म्हणून दिव्यांगत्वाची टक्केवारी कशी निघते, ते मी समजून घेतले. एकाहून अधिक दिव्यांगत्वे असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी सूत्र आहे. मोठी टक्केवारी ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरली, तर ९० मधून ‘अ’ वजा करायचे, त्याला ‘ब’ने गुणायचे, ९० ने भागायचे आणि आलेला आकडा ‘अ’मध्ये मिळवायचा.

उदाहरण घेऊ. पायाचे ३० टक्के आणि कानांचे २० टक्के असतील तर एकत्रित आकडा ४३ येतो. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात, म्हणजे व्यक्ती पात्र. आता वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले. पायाचे २८ दिले, कानांचे १६. सूत्रात घातले की आकडा येतो ३९. व्यक्ती अपात्र. पायात दोन टक्क्यांचा फरक, कानांत चार टक्क्यांचा. मोजणारा हात बदलला, मार्गदर्शक सूचना बदलल्या, किंवा तपासणीचा दिवस बरा निघाला, तरी एवढा फरक पडू शकतो. शिवाय कायद्याच्या यादीत २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. आपाचा मधुमेह त्या यादीत नाही. तिचे शरीर हे सगळे ओझे एकत्र वाहते, पण सूत्र त्यातले काहीच मोजते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. याच कायद्याच्या कलम ९१ नुसार, दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवणुकीने घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमातला कळीचा शब्द आहे ‘फसवणुकीने’. खोटी कागदपत्रे देणे, आजाराचे सोंग करणे, दाखला विकत घेणे ही फसवणूक. सरकारी डॉक्टरांनी तपासून प्रामाणिकपणे दिलेली टक्केवारी पुढच्या तपासणीत कमी भरणे ही फसवणूक नाही. फार तर पुढच्या लाभाच्या पात्रतेचा तो प्रश्न आहे. जुनी नोंद संगणकावर न सापडणे हीसुद्धा फसवणूक नाही. तो दप्तराचा प्रश्न आहे. अपात्र, नोंद नसलेला आणि लबाड हे तीन वेगळे गट आहेत. कार्यालयाच्या यादीत आणि बातमीच्या मथळ्यात ते एकाच नावाखाली येतात, तेव्हा नाइन्साफी सुरू होते.

सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा वेगळ्या संदर्भात मांडला आहे. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या विकास कुमार यांना परीक्षेत लेखनिक हवा होता. त्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून आयोगाने नकार दिला. सवलतीचा गैरवापर होईल, असाही युक्तिवाद झाला. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. दिव्यांग व्यक्ती व्यवस्थेला फसवण्यासाठीच सवलत मागतात, हा पूर्वग्रह अशा युक्तिवादातून बळकट होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. गैरवापर रोखण्याचे नियम सरकारने जरूर करावेत, पण त्या भीतीपोटी गरजू माणसाचा हक्क नाकारू नये.

आपल्या वाचकांसाठी यात आणखी एक पदर आहे, तो नावांचा. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, आधारवर ‘मोहम्मद’ आणि रेशनकार्डावर नुसते ‘एमडी’. कुठे ‘शेख’ आडनाव पुढे, कुठे मागे, कुठे गायब. बायकांच्या नावापुढे कधी ‘बी’, कधी ‘बानो’, कधी ‘खातून’. माणसाच्या डोळ्याला हे एकच नाव दिसते. संगणकाला तीन माणसे दिसतात. कधी उलटही होते. दोन वेगळी माणसे संगणकाला एकच वाटतात.

तेलंगणात असे घडले आहे. तिथल्या ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून अपात्र रेशनकार्डधारक शोधले. हैदराबादमधील एका गरीब मुस्लिम महिलेचे कार्ड रद्द झाले, कारण सायकलरिक्षा ओढणाऱ्या तिच्या पतीच्या नावाशी जुळणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर मोटार होती. राज्यात लाखो कार्डे रद्द झाली होती. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष पडताळणीचे आदेश द्यावे लागले.

हे फक्त गरीब देशांत घडते असे समजू नका. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या फसवणुकीचा शोध घेताना करखात्याने हजारो निर्दोष पालकांना लबाड ठरवले. क्षुल्लक चुकीसाठी संपूर्ण रक्कम परत मागितली. अर्जदारांच्या दुहेरी राष्ट्रीयत्वाची नोंद वापरली गेली, त्यामुळे स्थलांतरित कुटुंबे जास्त भरडली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. यंत्राच्या जुळणीला पुरावा मानायचे आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे नागरिकावर टाकायचे, ही चूक दोन्हीकडे सारखीच आहे. ज्यांनी अशा प्रणाली लिहायच्या आहेत ते आपल्यातलेच अभियंते आहेत, म्हणून हे आपल्याला ठाऊक असायला हवे. जुळणी झाली किंवा झाली नाही, तर तिथून चौकशी सुरू व्हावी. तिथेच निकाल लागू नये.

आता कामाचे बोलू. तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणाला अशी नोटीस आली तर काय करायचे? आपाच्या वेळी आम्ही जे केले आणि नंतर जे शिकलो, ते सांगतो.

नोटीस टाळू नका. उत्तर लेखी द्या आणि कार्यालयाची पोच घ्या. पोच नसलेले उत्तर दिलेच नाही असे धरले जाते. उत्तरात विचारा: माझ्यावर नेमका आक्षेप कोणता, तो कोणत्या कागदावर आधारलेला आहे, आणि मुदत किती. नावात फरक असेल तर विवाह नोंदणी, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. जुना दाखला दिलेल्या रुग्णालयाकडे त्याच्या नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागा.

तपासणीला जाताना एक पानभर आरोग्याची हकिकत लिहून न्या: कोणता त्रास कधीपासून, कोणती औषधे, महिन्यात किती दिवस चांगले आणि किती वाईट. ज्याचा त्रास कमी-जास्त होतो त्याने केवळ वाईट दिवस सांगू नयेत आणि अब्रूपोटी केवळ चांगले दिवसही सांगू नयेत. दोन्ही सांगावेत. जास्त आजारी दिसावे म्हणून औषध बंद करू नये. चांगल्या दिवशी चालता येणे हे खोटेपणाचे लक्षण नाही, हे आपाला समजावायला आम्हाला कित्येक आठवडे लागले.

टक्केवारी मान्य नसेल तर कलम ५९ नुसार अपील करता येते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा. ‘मी प्रकरण मिटवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. आज खरा असलेला दाखला त्या एका व्यवहाराने संशयास्पद होतो.

झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे. चौकशीचा ताण शरीरावर उतरतो, दुखणे वाढते आणि त्याच वाढलेल्या दुखण्यासह कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून कुणालाही एकटे पाठवू नका. शहापूर-मुरबाडहून ठाण्याला तपासणीसाठी येणाऱ्या माणसाचा सबंध दिवस आणि मजुरी जाते. सोबत कुणी असेल तर निदान रांगेत उभे राहणारा एक जोडीदार मिळतो.

सरकारकडे आमच्या मागण्याही साध्या आहेत. नोटिशीत कारण लिहा. पुरेशी मुदत द्या. एकाहून अधिक आजार असणाऱ्यांची तपासणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी करा. अपिलाचा निर्णय होईपर्यंत पगार आणि अनुदान थांबवू नका. कारवाईचे आकडे जाहीर करताना बनावट दाखले किती, टक्केवारी कमी भरलेले किती आणि केवळ नोंद न सापडलेले किती, हे वेगवेगळे सांगा. दाखले विकणाऱ्यांपैकी किती पकडले, तेही सांगा. आणि जे खरे निघाले त्यांना तसे लेखी कळवा. संशय लेखी घेता, तर निर्दोष असल्याचेही लेखी द्या.

आपल्यातल्या तरुणांनी एक काम आजपासून करावे. रविवारी दोन तास काढून आपल्या वस्तीतल्या दिव्यांगांची कागदपत्रे तपासा. नावांतले फरक दुरुस्त करा, जुने दाखले ऑनलाइन करून घ्या, ‘यूडीआयडी’ कार्डाचा अर्ज भरून द्या. नोटीस येण्याआधी झालेले हे काम नोटीस आल्यानंतरच्या दहा धावपळींपेक्षा मोलाचे आहे. आणि दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट दिसणारी एखादी बाई बसलेली दिसली, तर तिला ‘तुम्हाला काय झालंय?’ असे विचारू नका. कार्ड तपासायला रेल्वेची माणसे आहेत. तिला बसू द्या.