खुंट्याला दुसरा हात

'किती गुणी पोरगी! सगळं कसं सांभाळून करते!' असं कुणी म्हटलं की मी सावध होते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हेच सगळं तिचा भाऊ करत असता, तर 'सांभाळून करतो' असं कुणी म्हटलं असतं का? तो नुसता 'करतो'. मग मुलीने सांभाळायचं ते नेमकं काय?

आमच्या गटाचं काम बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत चालतं. तिथली एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. नाव देत नाही, गाव लहान आहे. वय पंधरा, यंदा दहावीत. घरात आजोबांपासून माळ आहे. ही पखवाज वाजवते. चुलत्याशेजारी टाळ घेऊन बसता बसता मांडीवर बोटं चालवून शिकली. डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, किती ठेवायची, हे आता चुलताच तिला विचारतो. ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली बारकी पोरं ती रविवारी देवळाच्या ओसरीवर जमवते, त्यांना वाचायला शिकवते. म्हाताऱ्यांचे निराधार योजनेचे अर्ज भरून देते. हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागे आजी, दोन धाकटे भाऊ, एक म्हैस आणि ही. पहाटे पाणी, शेण, भाकऱ्या, मग शाळा. संध्याकाळी हरिपाठ. आणि गावात हरिपाठाची वेळ अन् चुलीची वेळ एकच. टाळ वाजू लागतो तेव्हा घरोघरच्या बाया पीठ मळत असतात. देवळात पुरुषच जास्त का दिसतात, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ही मुलगी मात्र भाकऱ्या आधी थापून, हात धुऊन धावत देवळात जाते आणि परतल्यावर अभ्यासाला बसते. मग झोप किती होते, ते तिच्या डोळ्यांखाली दिसतं.

भजनी मंडळात कुरकूर झालीच. टाळ घे, पेटी शीक, पखवाज कशाला? मांडी घालून, हात उंचावून मुलीने वाजवणं बरं दिसत नाही म्हणे. चुलता तिच्या बाजूने उभा राहिला म्हणून निभावलं. पण ते चार दिवस आहेतच. तेव्हा तिने देवळात यायचं नाही, वाद्याला हात लावायचा नाही. मग पखवाजावर दुसरं कुणी बसलं की अख्ख्या गावाला कळतं, आज हिला काय झालं ते. पंधरा वर्षांच्या पोरीने दर महिन्याला ही दवंडी सोसायची आणि पाचव्या दिवशी मान वर करून परत ठेका धरायचा. तिच्या भक्तीचं कौतुक करणाऱ्यांना हे कधी दिसलेलं मी पाहिलं नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, तिला या देवधर्मातून आधी बाहेर काढा, अभ्यासाला वेळ मिळेल. मला हे पटत नाही. वेळ खातंय ते चूल आणि पाणी. आपण सोडायला सांगतो मात्र पखवाज! तिचं ऐकून चार पुरुष आपली लय सावरून घेतात, अशी तिच्या आयुष्यात ती एकच जागा आहे. शिवाय तिची श्रद्धा तिची आहे. तिचे प्रश्नही तिला त्याच वाटेवर पडताहेत. ही वाट बायांना परकी नाही. मुक्ताबाई कोवळ्या वयातच गेली, पण चांगदेवासारख्या योग्याने तिला गुरू मानलं. १७व्या शतकातली बहिणाबाई कोल्हापुरात कीर्तनं ऐकत होती तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला आणि तो तिने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहूनही ठेवला.

भक्ती, संगीत आणि सेवा यांची सांगड गाडगेबाबांनी घातलेली आपण पाहिली आहे. दिवसा झाडू, रात्री कीर्तन. आदर आहेच. पण बाबांनी १९०५ साली घर सोडलं तेव्हा पत्नी कुंताबाई आणि मुलं मागे राहिली. त्यांचा दिवस कसा जात होता, ते कोण सांगतं? बाईला घर सोडून सेवा करता येत नाही, आणि या मुलीला सोडायचंही नाही. तिला जनाबाईची गोष्ट जवळची. दळता दळता गाणाऱ्या जनीसोबत विठ्ठल जात्याला बसतो, ही कथा आपण ओव्यांतून ऐकत आलो. त्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढं उरतंच, की जनीला गाता यावं म्हणून कुणीतरी खुंट्याला हात लावला. आपल्या पोरींच्या खुंट्याला हात कोण लावणार?

कारण गोष्ट नुसत्या दमण्याची नाही. गेल्या दिवाळीत, आईबाप निघण्याआधी, तिला स्थळ आलं. 'माळकरी आहे, हाताला कला आहे, शाळा शिकलेली, लोकांच्या उपयोगी पडणारी.' चारही गोष्टी स्थळवाल्यांनी अशा मोजल्या जशा म्हशीची दुधं मोजावीत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची उचल त्या जोडीला मिळते. लग्न झालं की नवा कोयता तयार. २००६चा बालविवाह बंदीचा कायदा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आईबापांची भीतीही खोटी नाही. वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर पाच-सहा महिने टाकून जायचं, त्यांचा जीव थाऱ्यावर कसा राहील? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारने २०२१ साली वसतिगृहांची योजना आणली आणि तिला नाव दिलं संत भगवानबाबांचं, म्हणजे एका कीर्तनकाराचंच. मग त्या वसतिगृहात मुलीला पखवाज वाजवू देतील का, हे विचारायला आपण संकोचू नये.

आम्ही तूर्त दोन गोष्टींसाठी भांडलो. हरिपाठ अर्धा तास उशिरा सुरू करा, आणि घरात तेरा वर्षांच्या भावाने चुलीपाशी बसावं. मंडळाने वेळ पुढे नेली, 'पण फक्त परीक्षेपर्यंत' असं बजावून. भाऊ भात लावतो, भाकरी अजून तिच्याचकडे आहे. चार दिवसांचा विषय काढला तेव्हा सगळे उठून गेले. तो पुन्हा काढायचा आहे, आणि या वेळी बाया सोबत घेऊन.

स्थळाला आईबापांनी 'परीक्षेनंतर बघू' असं सांगितलंय. कारखान्याचा पट्टा पडला की ते परततील. त्या आठवड्यात आमच्यातल्या दोघी तिच्या घरी मुक्कामाला जाणार आहेत, चुलताही येतो म्हणालाय.