तुंगारेश्वराचा दगड आणि वसईचे पाणी

वसई-विरारच्या पूर्वेस तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग यांची जी डोंगररांग उभी आहे, तिच्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. महसूल खात्याच्या लेखी डोंगर म्हणजे 'गौण खनिजा'चा साठा. त्याचे माप ब्रासमध्ये घ्यावे, त्यावर स्वामित्वधन आकारावे, की सरकारचे कर्तव्य संपले! पायथ्याच्या पाड्यांतील वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या लेखी तोच डोंगर म्हणजे पाणी. आजवर पहिल्या दृष्टीचे राज्य चालत आले आणि त्याचा खर्च मात्र दुसरीच्या पदरी पडला. हा खर्च आता शहराच्याही दारी येऊन ठेपला आहे.

डोंगर पाणी धरतो कसा, हे शाळेतील मुलासही समजेल इतके सोपे आहे. काळ्या पाषाणाच्या थरांना भेगा असतात. त्यांवर झिजलेल्या खडकाचा मुरूम, मुरमावर माती आणि मातीला धरून ठेवणारी झाडांची मुळे. आषाढ-श्रावणात कोसळणारा पाऊस या आवरणात मुरतो आणि पावसाळा सरल्यावरही ओढ्या-झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर पडतो. पेल्हारचे धरण याच डोंगराच्या कुशीत आहे. दगडखाण सुरू झाली की सर्वांत आधी हे आवरण जाते, कारण खाणवाल्यास हवा असतो तो त्याखालचा अखंड पाषाण. झाडे तुटतात, माती उतारावरून ओढ्यात लोटली जाते, मग सुरुंग लागतात. पुढे खाणीच्या खड्ड्यात पाणी साचते आणि तेथे 'तळे झाले' म्हणून समाधान मानणारेही भेटतात. परंतु जो उतार पाणी मुरवून महिनोन्महिने पुरवीत होता, त्याचे काम तो खड्डा करू शकत नाही.

खाणींतून निघालेली खडी इमारतींत जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. डोंगर पोखरून काढलेला मुरूम कोठे जातो, याचा विचार मात्र फारसा होत नाही. तो खाली येतो आणि भराव म्हणून खाजणांत, पाणथळ जमिनींत पडतो. म्हणजे वर पाणी धरणारा डोंगर गेला आणि खाली ते पाणी सामावून घेणारी सखल जमीनही त्याच डोंगराच्या मातीने बुजली. जुलै २०१८ मध्ये या शहराने जे पाहिले, ते वाचक विसरले नसतील. रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या, घराघरांतील वीज गेली, मिठागरांतील वस्तीस पाण्याने वेढले. त्या पुराचा सारा दोष खाणींवर टाकणे अन्यायाचे होईल. नाल्यांवरील अतिक्रमणे व बुजविलेली खाजणे यांचा वाटा त्यात मोठा होता. पण भराव आकाशातून पडत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता उन्हाळ्याचा हिशेब पाहू. पेल्हार आणि उसगाव ही तालुक्यातील दोन धरणे मिळून शहरास रोज सुमारे ३ कोटी लिटर पाणी देतात. सूर्या धरणातून येणारे पाणी रोज सुमारे २० कोटी लिटर, आणि नव्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारचा आणखी १८.५ कोटी लिटरांचा वाटा ठरविला गेला. हा सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतील शेतीच्या सिंचनासाठी योजिला होता. त्याचे पाणी शहरांकडे वळविण्यास तेथील आदिवासींनी विरोध केला तो याच कारणाने. आपण आपले डोंगर फोडावेत आणि तहान दुसऱ्याच्या शेतावर भागवावी, हा व्यवहार सुशिक्षित नगरास शोभणारा नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे : घरे बांधायची नाहीत काय? रस्ते, बंदरे नकोत काय? प्रश्न खोटा नाही. हा अग्रलेख ज्या सदनिकेत बसून वाचला जात असेल, तिच्या भिंतींतही कोणत्या तरी डोंगराची खडी आहे. तथापि मागणीचा आकारच आता बदलला आहे. ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याची लाटारोधक भिंतच १० किलोमीटरांहून लांब आहे, आणि भिंतीचा दगड डोंगरातूनच यावयाचा आहे. अशा वेळी 'गौण' खनिज हा शब्द उच्चारताना अधिकाऱ्यांना संकोच वाटावयास हवा.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ठरविले. मोठ्या खाणीचे लहान तुकडे दाखवून मंजुरी चुकविण्याची युक्ती त्यास माहीत होती. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अभयारण्यात व त्याच्या सीमेपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामास मनाई कायम ठेवली. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य असल्यामुळे हे संरक्षण त्यास लाभते. परंतु ओढ्याचे पाणी अभयारण्याची हद्द पाहून वाहत नाही. किलोमीटरचे माप वन्य पशूंसाठी घातलेले आहे. पाणलोटासाठी असे कोणते माप आहे? सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून लाल चिखल घरांत व बागायतींत शिरला. खाणीच्या नकाशावरील रेषा पाण्याने तेथे मानली नाही.

वसईस पाण्याची चळवळ नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाड्यांतील विहिरी टँकरांनी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि बावखले व विहिरी ही साऱ्या समाजाची ठेव आहे हे लोकांस पटले. ती जाणीव पश्चिमेच्या हरित पट्ट्यात जितकी रुजली, तितकी पूर्वेच्या डोंगरापर्यंत पोहोचली नाही. तिकडे वाड्या नव्हत्या, पाडे होते. आणि पाड्यांचा आवाज रेल्वेच्या पुलापलीकडे क्वचितच येतो.

दगडास पर्याय नाही असेही कोणी म्हणू नये. पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यापासून केलेली खडी ठराविक प्रमाणात वापरण्यास भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्येच मान्यता दिली. जुन्या इमारतींचा पुनर्विकास चाललेल्या या शहरात राडारोड्यास तोटा नाही. तो सध्या खाडीकाठी रात्री गुपचूप ओतला जातो. महापालिकेने आपल्या कामांच्या निविदांतच ही खडी सक्तीची करावी. आणि पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पेल्हार, उसगाव व तानसा-वैतरणेला मिळणारे ओढे यांचा पाणलोट नकाशावर आखून तो गावागावांच्या चावडीवर लावावा, त्यावर ग्रामसभांचे म्हणणे ऐकावे, आणि हे होईपर्यंत त्या क्षेत्रात नवा खाणपट्टा देऊ नये, जुन्याची मुदत वाढवू नये.