पर्समधला चाकू, आपला स्वतःचा

‘चाकू घेतलाय मी,’ असं एखाद्या बाईनं म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘भाजीचा का?’ आणि ‘नाही गं, पर्समध्ये ठेवायला’ म्हटलं की दुसरा येतो, ‘का गं, काही झालं का?’ म्हणजे बाईच्या हातात चाकू असायला दोनच कारणं असू शकतात. एक तर स्वयंपाक, नाही तर भीती. तिला सुतळी कापायची असेल, पार्सल उघडायचं असेल, एस. टी.च्या थांब्यावर घेतलेला पेरू चार जणींत वाटायचा असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पुरुषाच्या खिशात घडीचा चाकू निघाला की तो ‘तयारीचा माणूस’ ठरतो. आपल्याकडे निघाला तर चौकशी सुरू!

मैत्रिणींनो, आज मला या घडीच्या चाकूबद्दलच बोलायचंय. चांगल्या, नीट पारखून घेतलेल्या चाकूबद्दल. जत्रेतला पन्नास रुपयांचा, पोपटाच्या किंवा माशाच्या आकाराचा, चौथ्या दिवशी खुळखुळायला लागणारा नव्हे.

धारेची आपल्याला काही नवलाई नाही. विळीवर आपली उभी हयात जाते. शेतात खुरपं आणि विळा बायकांच्याच हातात जास्त. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवायचं म्हणून सुरी आणून ठेवणारीही बाईच. पण ही सगळी हत्यारं घराची. विळी स्वयंपाकघराची, खुरपं शेताचं, कात्री शिलाई मशीनच्या खणातली, आणि तीसुद्धा पोरं कागद कापायला पळवतात. ‘ही माझी वस्तू, माझ्याबरोबर फिरते’ असं आपल्यापैकी कितीजणी कशाबद्दल म्हणू शकतील? मोबाइल सोडून सांगा हं.

गंमत म्हणजे आपल्या आज्या या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे होत्या. कमरेला चंची, चंचीत पान-सुपारी-चुना आणि अडकित्ता. अडकित्ता म्हणजे काय, तर खिळ्यावर फिरणारं, मिटणारं, धारेचं पोलादी हत्यार! माझ्या सासूबाईंचा अडकित्ता घरात कुणी हात लावायचा नाही. त्याला तेल त्याच घालायच्या, त्यावर सुपारीखेरीज काही कातरलेलं त्यांना खपायचं नाही. पुढे तंबाखू-सुपारी सुटली ती चांगलीच गोष्ट झाली, पण तिच्याबरोबर बाईच्या कमरेचं ते एक हत्यारही गेलं. त्याच्या जागी काही आलं नाही. येणार कुठून? आपल्या कपड्यांना खिसेच नाहीत. ‘पॉकेट नाइफ’ या नावातच खिसा आहे, आणि ब्लाउज शिवणाऱ्याला खिसा सांगितला तर तो वर बघतो.

आता भीतीचं बोलू, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं त्यानंतर सगळा देश हादरला होता. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेनं बायकांना स्वसंरक्षणासाठी चाकू वाटले. वाटणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मला तो कार्यक्रम तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. घडीचा चाकू पर्सच्या तळाशी रुमाल, किल्ल्या, गोळ्यांच्या पाकिटाखाली असतो. तो शोधायचा, काढायचा, बहुतेक वेळा दोन्ही हातांनी उघडायचा. अंगावर आलेला माणूस तेवढा वेळ थांबत नाही. शिवाय हातघाईत चाकू हिसकावला गेला तर तो आपल्यावरच उलटतो. पळणं, ओरडणं, ११२ लावणं यांतलं एकही काम चाकू करत नाही. आणि रस्ता सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांनी ती आपल्या पर्समध्ये सरकवून मोकळं व्हावं, हे तर अजिबात नको. म्हणून सांगते, भीतीपोटी चाकू घेऊ नका. कामासाठी घ्या.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात, घरकाम-शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपण बोलतोय तो तीन इंचांचा. पण सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात ‘मनाई आदेश’ लागतो, पेपरात बारीक अक्षरात येतो, त्यात सुऱ्यांपासून काठ्यांपर्यंत सगळं असतं. त्या दिवसांत चाकू घरी. कोर्टात, परीक्षा केंद्रावर, बॅगा तपासणाऱ्या देवस्थानात नेऊ नका. विमानात सोबतच्या पर्समध्ये चालत नाही, वजन करून आत देतात त्या बॅगेत टाका. आणि बटण दाबलं की खटकन उघडणारा सिनेमातला रामपुरी छाप चाकू तर घेऊच नका. त्याचं काम आणि आपलं काम वेगळं.

मग घ्यायचा कोणता? पहिल्याच खरेदीसाठी मला दोन घराणी आवडतात, आणि दोन्ही शेतकरी-शिपायांच्या खिशातून आलेली आहेत, श्रीमंतांच्या शोकेसमधून नव्हे.

एक स्वित्झर्लंडचं. कार्ल एल्सनर या कारागिरानं १८८४ मध्ये इबाख गावात चाकूंचा कारखाना काढला, १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. १९०९ मध्ये त्याची आई गेली. तिचं नाव व्हिक्टोरिया. तेच नाव त्यानं मालाला दिलं, आणि १९२१ च्या सुमारास न गंजणारं पोलाद आलं तेव्हा त्याचं ‘इनॉक्स’ जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स. जगभरच्या पुरुषांच्या खिशात एका आईचं नाव फिरतंय, आणि बहुतेकांना पत्ताही नाही! त्यांचा सगळ्यात छोटा ‘क्लासिक’ मिटल्यावर ५८ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीएवढा. त्यात छोटं पातं, कात्री, नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणी. ती इवलीशी कात्री काय काम देते म्हणून सांगू! लोंबणारा दोरा, औषधाची पट्टी, शाम्पूची पुडी. कंडक्टर सुट्या पैशांसाठी थांबतो तेवढ्यात दोरा कापून होतो. पण याचं पातं अडकत नाही, नुसत्या स्प्रिंगवर उभं राहतं. त्यामुळे जोराच्या कामाला हा नव्हे.

दुसरं फ्रान्सच्या डोंगराळ सावोय भागातलं. जोसेफ ओपिनेल यानं १८९० मध्ये तिथल्या शेतकऱ्यांसाठी हा चाकू केला. लाकडी मूठ, साधं पातं, बस्स. १९५५ मध्ये त्याला मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक कडी बसवली गेली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, की पातं बोटांवर मिटत नाही. मला विचाराल तर पहिला चाकू असा अडकणाराच असावा. नवशिक्या हाताला सगळ्यात जास्त कापतं ते पातं अचानक मिटल्यावर. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं, कलिंगडाची फोड आणि कांदा दोन्ही निभतं. हात लहान असेल तर सहा नंबर बघा.

यात पोलाद दोन जातीचं मिळतं आणि इथे आपला विळीचा अनुभव कामी येतो. जुनी लोखंडी पात्याची विळी आठवा. कैरी चिरली की काळी पडायची, पुसायला विसरलं की तांबूस डाग. पण धार कशी चटकन लागायची! तसं एक, ‘कार्बन’ लिहिलेलं. दुसरं स्टीलचं, ‘इनॉक्स’ लिहिलेलं, पुसायला विसरलं तरी रुसत नाही. पर्समध्ये ठेवायचा, लिंबू-पेरू-कैरी कापायचा असेल तर दुसरं घ्या. नुसतं ‘स्टेनलेस’ असं पात्यावर कोरलंय म्हणून भुलू नका, ते त्या जत्रेतल्या पोपटावरही असतं.

दुकानात गेलात तर घाई करू नका. साडी घेताना दहा घड्या मोडायला लावतो, मग इथे का संकोच? उघडा, मिटा, पुन्हा उघडा. नख तुटायची वेळ येत असेल तर परत ठेवा. पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, अडकलेल्या पात्यानं डुलता कामा नये. मिटल्यावर उजेडाकडे धरा, पातं दोन बाजूंच्या मधोमध बसलंय की एका अंगाला घासतंय ते दिसतं. दुकानदार ‘ताई, भाजीचे चाकू तिकडे आहेत’ म्हणेल. म्हणू दे. ‘बंधूंना द्यायचाय का?’ असंही विचारेल. ‘मला हवाय’ एवढं उत्तर पुरतं. ऑनलाइन मागवलात तर नकली मालाला जपा. नामांकित चाकू निम्म्याहून कमी किमतीत कुणी देत नाही. दोन हजारांच्या आसपास खर्च येईल. जास्त वाटतात? लग्नसराईत आपण देण्याघेण्याच्या, कुणीही न नेसलेल्या साड्यांवर किती घालतो, ते एकदा मोजा.

धारेबद्दल एक आग्रहाचं सांगणं. दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नका. त्या कष्टाळू माणसाबद्दल काही म्हणायचं नाही, विळी-कात्रीला तो उत्तमच. पण वेगानं फिरणाऱ्या दगडावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ पातं तापतं, आणि तापून निळं पडलं की त्या जागचं पोलाद मऊ होतं. मग धार टिकतच नाही. घरी बारीक दगडावर पाणी घालून, पातं किंचित तिरकं धरून, दोन्ही बाजूंनी सारखे हात फिरवा. दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा करा. त्याच्या बुडाची जी खरखरीत कडा असते तिच्यावर हलक्या हातानं धार जागी होते. बोथट चाकू सुरक्षित असतो हा मोठा गैरसमज आहे. बोथटाला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो.

मुलीला भेट म्हणून द्यायचा असेल तर घरात कुणीतरी म्हणणारच, धारेची वस्तू हातोहात देऊ नये, भांडण होतं. युरोपातही अगदी हीच समजूत आहे, तिथे चाकू घेणारा बदल्यात एक नाणं देतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. तुम्हीही एक रुपया घ्या लेकीकडून, वाद मिटला.

आणि एक धोका मात्र नक्की आहे. चाकू घरात आला की सगळ्यांना आवडणार. यजमान वायर सोलायला मागतील, मुलगा डबा उघडायला पात्याचं टोक घालेल, कुणीतरी तो भाजीच्या ट्रॉलीत टाकून मोकळं होईल. आठ दिवसांत तो ‘घरातला चाकू’ होईल. सासूबाईंच्या अडकित्त्याला जो मान होता तो याला पहिल्या दिवसापासून द्या. वापरायचा असेल तर विचारून, आणि पुसून परत.

लाकडी मुठीचा घेतलात आणि कोकणात, घाटमाथ्यावर राहत असाल, तर जूनमध्ये बघा, मूठ फुगेल आणि पातं उघडता उघडणार नाही. नखानं ओढत बसू नका, दुकानात परत न्यायचीही गरज नाही. मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्‌कन आपटा, पातं आपोआप थोडं बाहेर येतं. सावोयचे शेतकरी हेच करतात. ऊन पडलं की खिळ्यापाशी थेंबभर खोबरेल सोडा आणि लाकूड कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.